फी माफ झाली, पण मेसचं काय?

(या भागाचं शब्दांकन खाली दिलं आहे. बोलण्यातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

बारावीचे निकाल लागून गेले, सीईटीचे पर्सेंटाइल आले, आणि माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या रोज एकच प्रश्न येतोय. "ताई, फी माफ आहे म्हणतात. मग घेऊ का अ‍ॅडमिशन?"

उत्तर "हो" असंच आहे. पण त्या "हो"च्या मागे बरंच काही आहे, आणि आजचा पूर्ण भाग त्यावरच आहे. तुम्ही स्वतः अ‍ॅडमिशनच्या रांगेत नसाल, तरी ऐका. तुमच्या घरात, गल्लीत कुणीतरी नक्की असेल.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. माझे वडील मोंढ्यात हमाल. आई झेडपीच्या शाळेत खिचडी शिजवायची. दहावीनंतर मी सरकारी पॉलिटेक्निकला गेले, मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग. आज नोकरी करते. गेली सहा वर्षं जून ते ऑगस्ट शनिवार-रविवार आमच्या तालुक्यातल्या मुलांचे फॉर्म भरून देते. त्यामुळे आज जे सांगणार आहे, ते या मुलांसोबत सायबर कॅफेत बसून बघितलेलं आहे.

माफ म्हणजे नक्की काय माफ?

सुरुवात चांगल्या बातमीपासून करू. महाराष्ट्रात गरीब घरातल्या मुलांसाठी योजना कमी नाहीत. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय तुम्ही ऐकला असेल. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहेच. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, त्यात निम्मं शिक्षण शुल्क मिळतं.

आता बारीक अक्षरं वाचू. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, पुस्तकं, जर्नल, युनिफॉर्म, लॅपटॉप हे त्यात नाही.

एक साधा हिशोब करू. समजा मेस महिन्याला ३,००० रुपये. कॉट बेसिसवर खोली २,५००. प्रवास, रिचार्ज, झेरॉक्स, साबण-तेल मिळून १,०००. झाले ६,५००. दहा महिने धरले तर ६५,०००. शिक्षण शुल्क शून्य असतानाचा हा आकडा आहे. तुमच्या शहरातले खरे दर टाकून हा हिशोब आज रात्री कागदावर करा. आई-वडिलांना शेजारी बसवून करा.

दुसरी अडचण वेळेची. मेसवाल्या काकू पैसे एक तारखेला मागतात, आणि तेही अ‍ॅडव्हान्स. शिष्यवृत्ती येते ती अर्ज, कॉलेजची मंजुरी, विभागाची मंजुरी, मग हप्ता, अशा पायऱ्या चढून. माझ्या पहिल्या वर्षाचे पैसे खात्यात आले तेव्हा दुसऱ्या वर्षाचं पहिलं सेमिस्टर अर्धं झालं होतं. मधले महिने कुणी चालवले? आईच्या बचत गटानं. शेकडा दोन रुपये महिन्यानं.

ज्या घरात लाखभर रुपये बाजूला असतात, त्या घराला उशिरा आलेले पैसे म्हणजे नुसता उशीर. आपल्या घरात उशीर म्हणजे व्याज. आणि हे व्याज कुठल्याच माहितीपुस्तिकेत छापलेलं नसतं.

जागा मिळाली, गेली नाही

मागे आमच्या भागातल्या एका मुलीला सीईटीत ९४ पर्सेंटाइल मिळाले. नाव सांगत नाही. घरी दोन एकर कोरडवाहू. कॅप राउंडमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातलं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज लागलं, आणि हवी ती ब्रँच. आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो.

तिच्या वडिलांनी एकच विचारलं, "फी नाही म्हणता, मान्य. पण पोरगी राहणार कुठं?"

हॉस्टेलची यादी प्रवेशानंतर लागणार होती. तोपर्यंत बाहेर खोली, त्याचं डिपॉझिट, मेसचा अ‍ॅडव्हान्स, कॉलेजचे किरकोळ शुल्क, सगळं धरून पहिल्या दोन महिन्यांना अठरा हजार लागत होते. पेरणी नुकतीच झालेली. घरात रोख नव्हती, सोसायटीचं कर्ज थकलेलं. वडील वाईट माणूस नाहीत हो. ते दोन दिवस तीन ठिकाणी फिरले. रिपोर्टिंगची मुदत संपली. ती आता तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करते. हुशार आहे, करेलच काहीतरी. पण तिच्या मेहनतीनं हातात आलेली जागा अठरा हजारांसाठी गेली, आणि त्या जागेची फी सरकार भरायला तयार होतं.

आपण म्हणतो ना, "शिक्षणानं दिवस पालटतात"? पालटतात, मी स्वतः पालटलेले बघितलेत. पण कुठलंही कॉलेज आणि योग्य कॉलेज यात फरक असतो. चांगल्या सरकारी कॉलेजात कंपन्या येतात, सीनियर्स मोठ्या जागी असतात, लॅब चालू असतात. गरीब घरातलं मूल बरेचदा ते कॉलेज सोडून घराजवळचं घेतं. मार्क कमी पडतात म्हणून नाही, एसटीनं घरी येता येतं म्हणून.

शाहू महाराजांनी आधी काय बांधलं?

हा प्रश्न नवा नाही. १९०२ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मागासलेल्या समाजांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवल्या, हे आपण शाळेत शिकलो. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९०१ साली, त्यांनी कोल्हापुरात वसतिगृह सुरू केलं होतं. नंतर एकेक करत वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंग उभी राहिली. खेड्यातून आलेलं पोरगं झोपणार कुठं आणि जेवणार काय, हे त्यांनी आधी बघितलं.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची, कामं करायची. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. आणि बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. महिन्याला, हे लक्षात घ्या. कारण भूक महिन्याच्या महिन्याला लागते.

शंभर वर्षांपूर्वी या लोकांना जे कळलं होतं, ते योजनांच्या जाहिरातीत आज हरवतं. फी हा कॉलेजचा खर्च झाला. विद्यार्थ्याचा खर्च वेगळा.

त्यासाठीही योजना आहेत बरं का, फक्त त्यांची नावं कमी ऐकू येतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना. ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, त्यात अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना जास्त रक्कम मिळते. तुमच्या वडिलांची किंवा आईची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असेल, तर कामगार कल्याण मंडळाच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या. आणि पुण्यात शिकणार असाल तर १९५५ पासून चालू असलेली विद्यार्थी साहाय्यक समिती आहे, खेड्यातल्या मुलामुलींना कमी खर्चात राहायला आणि जेवायला जागा देते. विद्यापीठांची "कमवा आणि शिका" योजना आहे. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत काही तास काम, त्याचे तासावर पैसे. ते करताना लाज वाटू देऊ नका. मी लायब्ररीत पुस्तकांना नंबर चिकटवलेत. तिथेच पुस्तकं फुकट वाचलीत.

फॉर्म भरताना ज्या गोष्टी कुणी सांगत नाही

आता वही-पेन घ्या. किंवा स्क्रीनशॉट काढा, तुमची मर्जी.

एक. कॅपमधूनच प्रवेश घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला या शिष्यवृत्त्या लागू होत नाहीत. निकालानंतर तुम्हाला फोन येतील, "सर, डायरेक्ट अ‍ॅडमिशन करून देतो, स्कॉलरशिपचं आम्ही बघतो." त्याला विचारा, "सीट कॅपची की संस्था स्तरावरची?" आवाज लगेच बदलतो. आणि पावतीशिवाय वरचे पैसे मागणं म्हणजे कॅपिटेशन फी. महाराष्ट्रात १९८७ पासून त्यावर कायद्यानं बंदी आहे.

दोन. टीएफडब्ल्यूएस हे नाव लक्षात ठेवा. ट्यूशन फी वेव्हर स्कीम. इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निकसारख्या कोर्सेसना ५ टक्के जादा जागा असतात, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, जात कुठलीही चालते. त्यात शिक्षण शुल्क नाही. पण या जागेचा ऑप्शन कोड वेगळा असतो, शेवटी "टी" अक्षर असतं. तो तुम्ही पसंतीक्रमात वेगळा भरला नाही, तर कितीही मार्क असू देत, जागा मिळत नाही. निम्म्या फीच्या योजनेत येणाऱ्या मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

तीन. पसंतीक्रम विचार करून लावा. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं, तर ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. "हे तर मिळणारच नाही" म्हणून चांगली कॉलेजं खाली टाकू नका. वरती स्वप्न, मधे आवाका, खाली खात्री, असा क्रम लावा.

चार. दाखले. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते का ते बघा. डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर. आणि सगळ्यात वेळखाऊ म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, आपण ज्याला नुसतं "व्हॅलिडिटी" म्हणतो. त्याला आजोबा-पणजोबांच्या नोंदी लागतात, शाळेचा दाखल खारीज उतारा लागतो. ही फाईल अकरावीतच समितीकडे जायला हवी. ऐन प्रवेशाच्या वेळी मुदतवाढ कधी मिळते, कधी नाही. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो, आणि त्याच्यासोबत फीची सवलतही. अकरावीतले श्रोते कोण आहेत? हा मुद्दा तुमच्यासाठी.

पाच. बँक खातं. महाडीबीटीचे पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आणि ते एका वेळी एकच असतं. मोबाईलच्या दुकानात सिम घेताना अंगठा दिला, तिथेच एक खातं उघडलं गेलं, आणि शिष्यवृत्ती तिकडे गेली, अशी मुलं मी दरवर्षी बघते. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, हा भाग संपला की बघा.

सहा. कॉलेज फी सांगेल तो आकडा निमूट मान्य करू नका. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ती त्यांच्या वेबसाइटवर कॉलेजवार दिसते. मूळ कागदपत्रं ठेवून घेतो म्हणाले, तर सांगा की तपासून परत द्या. यूजीसीनं २०१८ मध्येच कळवलंय की मूळ प्रमाणपत्रं कॉलेजनं स्वतःकडे अडकवून ठेवू नयेत. बोलताना नम्र राहा, पण बोला.

हॉल तिकिटाची गोष्ट

बोलण्यावरून आठवलं. तिसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजनं, नाव राहू दे, नोटीस लावली. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून आलेली नाही, तरी विद्यार्थ्यांनी फी भरावी, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही. परीक्षा नऊ दिवसांवर. होस्टेलवर त्या रात्री कुणी अभ्यास केला नाही. एक जण बॅग भरायला लागला होता. त्याच्या घरी फोन करून पैसे मागण्यासारखं कुणीच नव्हतं.

सकाळी आम्ही एकेकटं क्लार्कच्या खिडकीशी उभं राहायचं बंद केलं. सगळ्यांचे अर्ज क्रमांक आणि पोर्टलवरच्या स्टेटसचे प्रिंट एका अर्जाला जोडले आणि प्राचार्यांना दिले. एक प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयात नेऊन दिली. दोन्हीकडे आवक शिक्का मारून पोच घेतली. एका मॅडमनी आमच्या बाजूनं शब्द टाकला. पाचव्या दिवशी हॉल तिकिटं मिळाली. घोषणा नाही, भांडण नाही. एक अर्ज, एकेचाळीस सह्या आणि एक शिक्का.

म्हणून सांगते, कॉलेजात गेल्यावर पहिल्या महिन्यात तुमच्यासारखी शिष्यवृत्तीवरची मुलं शोधा, ग्रुप करा. एकट्या मुलाचा अर्ज टेबलावर पडून राहतो. एकेचाळीस जणांच्या अर्जाला फाईल मिळते.

कर्ज घ्यायचं का?

हा प्रश्न मुलं हळू आवाजात विचारतात. घरात सावकाराचा अनुभव असतो, त्यामुळे "कर्ज" म्हटलं की पोटात गोळा येतो. पण शैक्षणिक कर्ज आणि सावकारी कर्ज एक नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला क्रेडिट गॅरंटी योजना आहे, त्यात तारण लागत नाही. कोर्स आणि त्यानंतरचं एक वर्ष साधारणपणे हप्ता नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांमध्ये प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार नसताना कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत.

पण आकडा बघून सही करा. समजा ४ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता साडेसहा हजारांच्या थोडा वर येतो. पहिला पगार पंधरा हजार असेल, शहरात राहायचं असेल आणि घरीही पैसे पाठवायचे असतील, तर हा हप्ता गळ्याशी येतो. पगार तीस हजार असेल तर झेपतो. म्हणजे कर्ज घ्यायचं की नाही, हे कॉलेज कुठलं यावर ठरतं. आणि कॉलेज कसं आहे ते माहितीपत्रकात नाही, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर कळतं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा, "तुमच्या आधीच्या बॅचमधले किती जण कामाला लागले? कुठं? पगार किती?" तीन जणांना विचारा. तिघांची उत्तरं जुळली तर खरं समजा.

आणि दहावीच्या मुलांसाठी एक वाट, जी मी स्वतः चालले. अकरावी-बारावी दोन वर्षं आणि डिग्री चार, झाली सहा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षं आणि डायरेक्ट सेकंड इयरपासून डिग्रीची तीन, तीही सहाच. फरक एवढा की तिसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात डिप्लोमा असतो. घरात काही कमी-जास्त झालं, तर नोकरी धरता येते. आपल्यासारख्यांना मधे उतरायला एखादा थांबा असलेला बरा.

आता तुमच्याकडे मागणं

त्या मुलीची जागा गेल्यावर आम्ही तालुक्यातले अकरा जण बसलो. सगळे शिष्यवृत्तीवर शिकलेले, आता कमावणारे. ठरवलं की प्रत्येकानं महिन्याला पाचशे बाजूला टाकायचे. वर्षाचे सहासष्ट हजार होतात. जुलैमध्ये ज्याला पहिल्या दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि मेस भरायची आहे, त्याला त्यातून द्यायचे, बिनव्याजी. शिष्यवृत्ती आली की परत. नाही आली तर नोकरी लागल्यावर परत. मागच्या दोन वर्षांत सात मुलं गेली. चौघांनी पैसे परत केले, तिघांचे यायचेत. येतील. नाही आले तरी ती तिघं आज वर्गात बसलीत.

ट्रस्ट नाही, लोगो नाही. एक वही आणि एक खातं आहे, आणि वही दर महिन्याला ग्रुपवर टाकतो.

तुमच्यापैकी जे नोकरीला लागलेत त्यांना माझं हेच सांगणं आहे. तुमच्या गावात असे चार जण तरी आहेत. तुम्हाला एका मुलाची चार वर्षं उचलायची नाहीत. फीचं सरकार बघतंय. तुम्ही फक्त जुलै आणि ऑगस्ट उचला.

आणि जे आज फॉर्म भरतायत, त्यांनी घरी मोकळं बोला. "बाबा, फी नाही, पण एवढे लागतील, आणि या तारखेला लागतील," असं कागदावर दाखवा. आकडा समोर असला की बाप वाट शोधतो. आकडा ऐनवेळी आला की तो "राहू दे" म्हणतो.

तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजवर पाठवा. पुढच्या भागात फक्त व्हॅलिडिटीच्या कागदांवर बोलू, कारण त्यावरच निम्मे मेसेज आहेत. तोपर्यंत हा भाग एका अकरावीतल्या आणि एका पगारदार माणसाला पाठवा. दोघांनाही.

चला, भेटू. काळजी घ्या.